खांबेटे सरांचं चौथं कलम

मुक्ता आणि ओंकार,

मागच्या रविवारी ओंकार फोनवर शाळेतला धडा मोठ्याने म्हणत होता. अमेरिकेच्या राज्यघटनेचं पहिलं कलम काँग्रेसचं, दुसरं राष्ट्राध्यक्षाचं, तिसरं... इथे तो अडला, आणि इकडे दोह्यातून मी म्हणाले, "तिसरं न्यायालयांचं." तुम्ही दोघं हसलात. मुक्ता म्हणाली, "आजी, हाउ डू यू इव्हन नो धिस?" मी विषय बदलला, कारण उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. ते लिहून पाठवते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा. मध्येच ती थांबली तर थांबू द्या. तिलाही यातलं बरंचसं माहीत नाही.

मला अमेरिकेची घटना शिकवली ती खांबेटे सरांनी. ते आमच्या अगदी वरच्याच मजल्यावर राहायचे. मूळचे नाशिकचे. इथल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत वरच्या वर्गांना ते अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवत. वर्गात इजिप्तची, लेबननची, फिलिपिन्सची, खुद्द अमेरिकेची मुलं. आणि शिकवणारा हा गृहस्थ, ज्याने अमेरिका कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

उंच, काटकुळे, ऑगस्टच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं. शर्टाच्या खिशात अमेरिकेच्या घटनेची छोटी पुस्तिका, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली. तिच्यामागे त्यांचं कतारचं आयडी कार्ड. लिफ्टमध्ये भेटले की "काय, कशा आहात?" असं विचारायची त्यांची रीत नव्हती. ते एकदम मुद्द्यावर येत. "चिटणीसबाई, राष्ट्राध्यक्षाला सैन्य हलवता येतं, पण सैन्याचा पगार कुणाच्या हातात?" मी आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते, म्हणून चिटणीसबाई. मी म्हणायची, "काँग्रेसच्या." तेवढ्यात माझा मजला यायचा. अशी एकेका मजल्याने मी घटना शिकले.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न पहिल्याच वाक्यावर असे. अमेरिकेची घटना ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होते. वर्गात एखादा मुलगा ते शब्द वाचायला लागला की सर त्याला तिथेच थांबवत. "आम्ही म्हणजे कोण? नावं सांग." मुलगा गोंधळायचा. मग सर त्या काळात त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण नव्हतं ते बोटांवर मोजत. बायका नव्हत्या. गुलाम नव्हते. मूळचे रहिवासी नव्हते. "इतकं सुंदर दार," ते म्हणत, "आणि पहिल्याच दिवशी बाहेर इतकी गर्दी." हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई असं कुणी म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. एखाद्या कारागिराने दुसऱ्याच्या कामातला सांधा दाखवावा तसं ते सांगत.

माणूस म्हणून ते क्रूर होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

तुमचा निखिलमामा त्यांच्याच वर्गात होता. एका रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सरांनी जाहीर केलं की या आठवड्यात कायदे मी करणार, ते राबवणारही मीच, आणि कुणी मोडले हे ठरवणारही मीच. मुलांना गंमत वाटली. पहिला कायदा असा की वर्गात निळी बाटली आणायची नाही. निखिलची बाटली निळी होती. ती जप्त झाली. सोमवारी दुसरा कायदा आला. ज्यांनी काल कायदा मोडला, ते आजपासून तासभर उभे राहतील.

निखिल म्हणाला, "सर, पण काल उभं राहायचा कायदाच नव्हता."

"हे तू कुणाला सांगतो आहेस?"

"तुम्हाला."

"आणि निकाल कोण देणार?"

"तुम्हीच."

"मग उभा राहा."

तो चार दिवस उभा राहिला. बुधवारी एका अमेरिकन मुलीला रडू आलं, तर तिलाही उभं केलं, कारण रडणं म्हणजे निकालाचा अवमान. गुरुवारी तास संपायला दहा मिनिटं असताना सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. कायदा करणारे, राबवणारे, निवाडा करणारे. प्रत्येकातून दुसऱ्या दोघांकडे बाण. राष्ट्राध्यक्ष कायदा नाकारू शकतो. काँग्रेस दोन-तृतीयांशांनी तो नकार मोडू शकते. न्यायालय दोघांनाही थांबवू शकतं. पण न्यायाधीश नेमायचे राष्ट्राध्यक्षाने, आणि त्यांना मान्यता द्यायची सिनेटने. "ज्यांनी ही घटना लिहिली त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता," ते म्हणाले. "स्वतःवर तर मुळीच नव्हता. म्हणून ते शहाणे." आणि निखिलच्या हातात बाटली ठेवून म्हणाले, "आता हे तुझ्या लक्षात राहील."

लक्षात राहिलं. निखिल आजही म्हणतो की असा शिक्षक त्याला पुन्हा मिळाला नाही. पण स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तो वरच्या मजल्यावर गेला नाही. मीच जाऊन दिलं.

त्यांच्या अमेरिकेला न जाण्याचीही एक गोष्ट आहे. एका वर्षी शाळेची अकरा मुलं वॉशिंग्टनला जायची होती. तिथे मुलांची खोटी-खोटी काँग्रेस भरते, त्यासाठी. सरांनी वर्षभर तयारी करून घेतली. मुलांचे व्हिसा झाले, सरांचा नाकारला गेला. मुलांबरोबर खेळाचे शिक्षक गेले. सर विमानतळावर पोचवायला गेले आणि कुठल्या इमारतीत शिरल्यावर कुठे मान वर करून बघायचं हे त्यांनी सगळ्यांना पाठ करायला लावलं. मुलं परतल्यावर एका फिलिपिनो मुलाने त्यांच्यासाठी फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणलं, त्यावर कॅपिटॉलचा घुमट होता. सरांनी ते हातात धरलं आणि तीन प्रश्न विचारले. सिनेटचे किती दरवाजे पाहिलेस, न्यायालयाच्या समोर उभं राहिलास तर काँग्रेस कुठल्या हाताला, आणि प्रत्येक राज्याचे सिनेटर दोनच का. मुलाला फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. सरांनी मॅग्नेट परत दिलं. "जाऊनही ज्याने पाहिलं नाही, त्याच्याकडून मी काही घेत नाही." मुलगा ते मॅग्नेट मुठीत घेऊन बसमध्ये बसला होता, असं निखिल सांगायचा.

घरी मात्र त्यांना उत्तर देणारी बाई होती. निर्मलावहिनी ठेंगण्या, गोऱ्या. थालीपीठ असं लावायच्या की खालच्या मजल्यावर वास यायचा. त्यांच्याकडे गेलं की त्या मला म्हणायच्या, "आमच्या घरात राष्ट्राध्यक्ष हेच, काँग्रेस हेच, कोर्टही हेच. मी आपली जनता."

आतून सर म्हणत, "जनता सार्वभौम असते."

"मग सार्वभौम जनतेने आज भांडी घासायची नाहीत असं ठरवलंय. उठा."

आणि सर उठत. हेही लिहायला हवं.

आता मंडळाची गोष्ट. आमचं मराठी मंडळ लहान होतं. चाळीसेक कुटुंबं, बहुतेक तेल आणि गॅसमधले इंजिनियर, पुण्या-मुंबईचे, काही तुमच्या आजोबांसारखे मेसईदच्या कारखान्यांतले. आणि त्याखेरीज पासष्ट बॅचलर. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याचं कुटुंब इथे नाही तो बॅचलर. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर. जालन्याचे, बीडचे, सोलापूरचे. गावाकडे बायको, मुलं, कुणाला नातवंडंसुद्धा. ते बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहत, एका खोलीत चौघे, आणि मंडळाच्या गणपतीला बस करून येत.

मंडळ वाढलं, भांडणं वाढली, तेव्हा सगळ्यांनी सरांना म्हटलं की तुम्ही आपल्याला घटना लिहून द्या. सरांनी तीन आठवडे घेतले. एक कार्यकारिणी, एक सभा, तिघांचं न्यायमंडळ. अध्यक्षाला नकाराधिकार, सभेला दोन-तृतीयांशांनी तो मोडण्याचा अधिकार. आम्ही हसलो, पण ती चालली. एका अध्यक्षाने मंडळाचे स्पीकर मुलीच्या वाढदिवसाला नेले, तर सभेने त्याच्यावर रीतसर महाभियोग चालवला. सर मांडीवर पुस्तिका ठेवून आनंदाने बघत होते. तो माणूस नंतर कधी मंडळात आला नाही.

अडचण आली ती चौथ्या कलमाला. मत कुणाला? मोठा हॉल मिळवायचा तर सभासदसंख्या शंभराच्या वर दाखवावी लागे. बॅचलर मोजले तर संख्या भरत होती. पण त्यांना मत दिलं तर पासष्ट ते आणि चाळीस आपण.

दहा जणं आमच्याच दिवाणखान्यात बसली होती. मी टाइप करत होते. सतीश लिमये, पुढे अध्यक्ष झाले ते, म्हणाले, "सर, अमेरिकेत काय केलं होतं?"

सरांनी रुमालाने खुर्ची पुसली, बसले आणि सांगितलं. दक्षिणेच्या राज्यांना काँग्रेसमध्ये जास्त जागा हव्या होत्या, म्हणून गुलाम मोजायचे होते. मत द्यायचं नव्हतं. उत्तरेकडच्यांना ते मान्य नव्हतं. मग फिलाडेल्फियात तडजोड झाली, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजायचं.

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपले पाच बॅचलर म्हणजे तीन?" आणि खोलीभर हशा झाला. मीही हसले.

"आपण पूर्ण मोजू," सर म्हणाले. "मोजायला पूर्ण, मताला शून्य. आपण त्यांच्यापेक्षा उदार आहोत."

त्यांना सगळं माहीत होतं. ज्या माणसाने वीस वर्षं मुलांना ‘आम्ही म्हणजे कोण?’ विचारलं, त्याला आपण काय लिहितो आहोत हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना तो सांधा बसवता येत होता, म्हणून त्यांनी बसवला. कलम असं झालं: ज्याचं कुटुंब कतारमध्ये त्याच्यासोबत राहतं तो ‘अ’ यादीत, घरामागे एक मत. बाकीचे ‘ब’ यादीत, सभेला बसण्याची मुभा, मत नाही. दर जानेवारीत चिटणिसाने याद्या तपासायच्या. बॅचलरांपैकी कुणालाही कुणी विचारलं नाही.

बॅचलरांमध्ये भगवान खरात म्हणून एक सुतार होते. जालना जिल्ह्यातले, इंडस्ट्रियल एरियातल्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला. गणपतीचं मखर दरवर्षी तेच करत. एकदा सरांच्या कपाटाचं दार निखळलं, तेव्हा ते शुक्रवारी दुरुस्तीला आले. मी वहिनींकडे बसले होते. वहिनींनी त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी पहिला घास घेतला. मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा."

"हॉल घेताना आमाला मोजता. मंग काही ठरवताना इचारत का नाही?"

"मोजणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खरात. जगातल्या सर्वोत्तम घटनेतही त्या वेगळ्या होत्या."

खरातांनी मान हलवली. "आसंल," म्हणाले, आणि बिजागरीचा स्क्रू घट्ट करायला लागले. ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या माणसाला द्यायला तुमच्याकडे उत्तर नव्हतं."

"होतं. दिलं की."

"ते उत्तर नव्हतं. तो धडा होता."

पुढच्या वर्षी वहिनींच्या किडन्या गेल्या. त्या मुलाकडे नाशिकला गेल्या, डायलिसिस सुरू झालं. सर गेले नाहीत. शाळेचं वर्ष अर्धवट सोडता येत नाही, म्हणाले. ते वर्ष संपलं, दुसरं सुरू झालं, तेही सोडता आलं नाही. फोनवर ते वहिनींना रिपोर्टातले आकडे विचारत आणि खाली येऊन मला सांगत, वर्गाचा निकाल सांगावा तसे. सहा महिन्यांपेक्षा जास्त कतारबाहेर राहिलं की कुटुंबाची रेसिडेन्सी जाते. वहिनींची गेली.

जानेवारीत मी याद्या तपासायला बसले. माझ्या याद्या नेहमी बरोबर असतात, तुमची आई याबद्दल थट्टा करते. खांबेटे यांचं नाव मी ‘अ’मधून खोडलं आणि ‘ब’मध्ये शेवटी लिहिलं. वहिनींनी सभेत कधी हात वर केला नव्हता. पण त्या होत्या म्हणून सरांचा हात मोजला जात होता. मी त्यांना हे सांगितलं नाही. मला वाटलं, घटना त्यांची आहे, त्यांना ठाऊक असेल.

त्या वसंतात लिमये अध्यक्ष होते आणि त्यांनी ठराव आणला की गणपती शुक्रवारऐवजी शनिवारी करायचा. आता तुम्हाला इथली सुट्टी सांगायला हवी. ऑफिसांना आणि शाळांना शुक्रवार-शनिवार सुट्टी. कामगारांना फक्त शुक्रवार. गणपती शनिवारी गेला की पासष्ट माणसांचा गणपती गेला. हे सगळ्यांना कळत होतं. ठरावात मात्र ते कुठे लिहिलेलं नव्हतं. लिमये म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानं बंद, फुलं मिळत नाहीत. एक बाई म्हणाल्या, मुलांना शुक्रवारी क्लास असतात. मग कुणीतरी हळू आवाजात खरं बोललं, "आणि ते लोक इतके येतात, लेडीजना जरा ऑकवर्ड होतं."

ते लोक मागे उभे होते. खरात आणि आणखी तिघे. सभेला बसायची मुभा होती, पण ते बसले नव्हते. चहा देत होते.

सर उठले. सभेत ते बोलायला उठले की सगळे थोडे सावरून बसत.

"ज्यांची नावं दाखवून तुम्ही हा हॉल घेता," ते म्हणाले, "त्यांनाच हॉलमध्ये येता येणार नाही असा दिवस निवडता. हे घटनेच्या अक्षरात बसेलही. पण हे नीच आहे."

लिमये हसून म्हणाले, "सर, मोजायचं आणि विचारायचं नाही, हे तुमचंच कलम आहे ना?"

"माझंच आहे. म्हणून मला माहीत आहे ते कसं आहे."

त्यांना खरातांची कीव आली होती, की घरी वहिनी नसल्याने तेही बॅचलरांसारखे शुक्रवार मोजायला लागले होते, की आपल्या घटनेचा इतका ओबडधोबड वापर त्यांना सहन होत नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मतदान झालं. हात वर. तुमच्या आजोबांनी आमच्या घराचा हात शनिवारसाठी वर केला. बाजूने सतरा. विरुद्ध सतरा, त्यात सरांचा हात. बरोबरी झाली की ठराव पडतो आणि जुनी रीत चालू राहते, असं कलम होतं. मागे खरातांच्या चहाच्या ट्रेवर कप वाजले.

लिमये म्हणाले, "एक मिनिट. काकू, सरांचं नाव कुठल्या यादीत आहे?"

माझ्यासमोर रजिस्टर होतं. मी ते उघडलं, खरं तर उघडायची गरज नव्हती.

"ब," मी म्हणाले.

मग लिमये म्हणाले, "हे न्यायमंडळाने ठरवायचं. आणि न्यायमंडळाचे प्रमुख सरच आहेत. सर, तुम्हीच सांगा. कलम काय म्हणतं?"

तो आवाज मी विसरलेले नाही. एखाद्या मुलाने सरांच्याच खुर्चीत बसून सरांना उभं केल्यासारखा होता. सगळे सरांकडे बघत होते. सर काहीही म्हणू शकले असते. कुटुंब म्हणजे काय याची व्याख्या कलमात नव्हती. बायको जिवंत आहे, लग्न शाबूत आहे, ती उपचाराला गेली आहे, इतकं म्हटलं असतं तरी निम्मी सभा मान हलवून मोकळी झाली असती. आपल्याच खटल्यात निवाडा देणार नाही, दुसऱ्या दोघांना विचारा, असंही म्हणता आलं असतं. ते दोघे भिडस्त होते, सरांच्या विरुद्ध गेले नसते.

सरांनी कलम मागितलं. मी पान काढून दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिलं होतं.

"‘त्याच्यासोबत राहतं,’" ते म्हणाले. "माझ्यासोबत कुणी राहत नाही. कलम स्पष्ट आहे. माझं मत मोजू नका."

सतरा विरुद्ध सोळा. ठराव पास झाला. लिमये यांनी टाळी वाजवली नाही, एवढी सभ्यता त्यांनी दाखवली.

सभा उठल्यावर खरात रिकामे कप गोळा करत सरांपाशी आले. मी दोन हातांच्या अंतरावर रजिस्टर बांधत होते.

"सर, एक डाव खोटं बोलला आसता तर काय झालं आसतं?"

"घटना मोडली असती."

"आन् आता काय मोडलं न्हाई का?"

खरात उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांना बस गाठायची होती.

गणपतीचं मखर मात्र त्या वर्षीही खरातांनीच केलं. दुसरं कुणाला येत नव्हतं. शनिवारचा गणपती, आणि मखर उभारायचं शुक्रवारी, कारण त्यांना सुट्टी तेव्हाच. यात काही विचित्र आहे असं कार्यकारिणीत कुणाला वाटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी हॉलवर गेले. आमची मूर्ती पितळेची आहे, विसर्जन करत नाही. वर्षभर कुलूप लावलेल्या लाकडी पेटीत असते आणि पेटीची चावी चिटणिसाकडे. मी पेटी आणली होती. मखर पूर्ण झालं होतं, प्लायवूडचं, त्यावर कोरलेली कमळं, इतकं नेटकं की रंग द्यायची गरज नव्हती. बारा माणसं हत्यारं आवरत होती. सर एका कोपऱ्यात बसले होते. सकाळपासून आले होते म्हणे. काहीतरी धरतो, देतो असं म्हणाले होते, पण कुणी त्यांच्या हातात काही दिलं नव्हतं. उर्मटपणे नव्हे. "ऱ्हाऊ द्या सर, कपडे खराब व्हतील," एवढंच.

मी पेटी मखरापाशी टेबलावर ठेवली, चावी तिच्याशेजारी. खरात हात पुसत आले.

"ताई, झाकण पाच मिनिटं उघडता का? आमी बगून घेतो, हात जोडतो आन् निघतो. उद्या ड्युटी हाय."

मूर्ती शनिवारी सकाळी अध्यक्षांच्या हस्ते बाहेर काढायची असं ठरलं होतं. मी म्हटलं, लिमयेंना विचारते. फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला. बाराही माणसं हात धुऊन येऊन उभी राहिली होती, चपला काढून, दोन रांगांत. बाहेर बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि ओरडला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, लवकर.

"लागत नाहीये," मी म्हणाले.

तेव्हा सर उठले. खुर्ची मागे सरली. ते टेबलापाशी आले, कुणाकडेही न बघता, आणि त्यांनी चावीकडे हात नेला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण ज्याची परवानगी नाही अशा वस्तूकडे त्यांचा हात जाताना मी पहिल्यांदा पाहिला.

मी चावीवर हात ठेवला.

"सर," मी म्हणाले, "तसं ठरलेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. पहिल्या रांगेतली माणसं चपला घालायला लागली, मग दुसरीतली. खरात सगळ्यांत शेवटी वळले. बसचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

सरांनी हात मागे घेतला.

"बरोबर," ते म्हणाले. शिकवलेलं नीट उत्तर देणाऱ्या मुलाला म्हणावं, तसं. आणि दिवे बंद करायला गेले.